पंपघरातील वायफाय का तुटत होते

पिंपळगाव बसवंतजवळच्या आमच्या द्राक्षबागेतील पंपघरात एक रास्पबेरी पाय ४, म्हणजे एकाच बोर्डवर मावणारा छोटा संगणक, बसवलेला आहे. बागेतील तापमान, हवेतील आर्द्रता आणि पानांचा ओलावा यांच्या नोंदी तो दर काही मिनिटांनी घेतो. मोटारीच्या वायरीवर अडकवलेल्या करंट सेन्सरवरून मोटार सुरू झाल्याचे तो ओळखतो आणि ती सुरू असेपर्यंत ठिबकच्या गाळणीच्या दोन्ही बाजूंच्या दाबमापकांचे कॅमेऱ्याने चित्रण करून ठेवतो, म्हणजे गाळणी केव्हा तुंबू लागली ते मागाहून पाहता येते. फळछाटणीनंतर कोवळी फूट निघालेली असताना पाने किती तास ओली राहिली यावर केवडा या रोगाचा धोका बराचसा ठरत असल्यामुळे त्या नोंदी वायफायवरून बाग सांभाळणाऱ्या माझ्या चुलतभावाच्या मोबाइलवर वेळच्या वेळी पोचणे, हाच या साऱ्या खटाटोपाचा हेतू होता. मी स्वतः नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो आणि एरवी या यंत्राकडे घरूनच लक्ष ठेवतो.

पहिल्या हंगामातच नोंदी मध्येच येईनाशा होऊ लागल्या. कधी पाच-दहा मिनिटांनी त्या आपोआप सुरू होत, कधी तासभर काहीच येत नसे आणि चुलतभाऊ पंपघरात जाऊन वीज बंद-चालू करी, की सगळे सुरळीत होई. पूर्ण बंद पडलेली वस्तू तपासणे त्या मानाने सोपे असते. अधूनमधून बंद पडणारी वस्तू आपण वाटेतले ओझर ओलांडून तिच्यापुढे जाऊन उभे राहीपर्यंत हमखास चालू झालेली असते, आणि मग दुरुस्त काय करायचे हाच प्रश्न पडतो. चुलतभावाचे निदान मात्र ठाम होते. तो म्हणे, "दादा, मोटार चालू केली की तुमचा डबा झोपतो. बघा तुम्ही." मोटारीच्या स्टार्टरमुळे वायफाय तुटत असेल यावर माझा विश्वास नव्हता, कारण स्टार्टरच्या ठिणगीचा त्रास मुख्यतः कमी वारंवारितेला होतो आणि तोही क्षणभर, पण बागेत रोज वावरणाऱ्या माणसाने पाहिलेली गोष्ट एकदम बाजूला सारणेही योग्य नव्हते, म्हणून ती मी वहीत तशीच्या तशी लिहून घेतली.

नोंदी येत नाहीत एवढ्यावरून बिघाड कुठे आहे ते कळत नाही. बोर्ड आणि राउटर यांच्यातला रेडिओ दुवा तुटला असेल, दुवा शाबूत असून आयपी पत्ता, म्हणजे बोर्डचा नेटवर्कवरचा क्रमांक, गेला असेल, किंवा राउटरपर्यंत सगळे ठीक असून राउटरच्या पुढचे इंटरनेटच बंद असेल. मोबाइलवर या तिन्हींचे चित्र एकच दिसते. म्हणून पहिले काम म्हणजे बोर्डवरच चालणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती दर काही सेकंदांनी राउटरला पिंग करी, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर येते का ते पाही, त्यानंतर बाहेरच्या एका पत्त्याला पिंग करी, वायफाय इंटरफेस जोडलेला आहे का आणि त्याला पत्ता आहे का ते पाही आणि चारही उत्तरे वेळेसह बोर्डवरच्याच फाइलीत लिहून ठेवी. फाइल बोर्डवरच असणे महत्त्वाचे होते, कारण दुवा तुटलेला असताना नाशिकहून आत शिरून पाहण्याचा मार्गच उरत नाही. याच वेळी जर्नलच्या, म्हणजे सिस्टिम स्वतःच्या कामकाजाच्या ठेवते त्या, नोंदी मेमरीत न ठेवता मेमरी कार्डावर साठवण्याची सेटिंगही केली, नाहीतर चुलतभावाने वीज बंद-चालू केली की त्याच बरोबर सगळा पुरावाही पुसला जात असे.

इथे एक अडथळा आला, त्याचा उल्लेख करतो, कारण तो पुष्कळांना येत असेल. रास्पबेरी पाय ४ वर बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही. वीज गेल्यावर बोर्ड पुन्हा सुरू होतो तेव्हा तो साठवून ठेवलेल्या शेवटच्या वेळेपासून पुढे मोजू लागतो आणि इंटरनेट मिळाले की खऱ्या वेळेवर उडी मारतो. आमचा बिघाड नेटवर्कचाच असल्यामुळे ती उडी कधी दोन मिनिटांनी तर कधी दोन तासांनी पडत असे आणि नोंदींतल्या वेळा एकमेकांशी जुळत नसत. मोटार किती वाजता सुरू झाली आणि दुवा किती वाजता तुटला हे ताडून पाहायचे असेल तर अशा घड्याळाचा उपयोग नाही. डीएस३२३१ या चिपचे छोटे घड्याळ-मॉड्यूल बाजारात स्वस्तात मिळते. ते जोडले, त्यात नाणे-बॅटरी घातली आणि तिथून पुढच्या नोंदींवर भरवसा ठेवता आला.

नोंदींनी लगेच एक गोष्ट स्पष्ट केली. बोर्डला खुद्द राउटरच सापडत नव्हता, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्याचा यात काही संबंध नव्हता. त्याच वेळी पंपघरात उभ्या असलेल्या चुलतभावाच्या मोबाइलवर मात्र त्याच राउटरचे वायफाय व्यवस्थित चालत होते, हे त्याच्याकडून फोनवर खात्री करून घेतले. म्हणजे राउटर जिवंत होता आणि पंपघरापर्यंत पोचतही होता. तुटत होता तो फक्त या एका बोर्डचा दुवा.

यानंतर वीजपुरवठा पाहिला. या बोर्डच्या बाबतीत कोणतीही विचित्र तक्रार असली तरी सुरुवात विजेपासून करावी असे माझे मत आहे, आणि त्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही. 'व्हीसीजेनसीएमडी' या आज्ञेला 'गेट थ्रॉटल्ड' असे विचारले की बोर्ड एक सांकेतिक आकडा देतो. तो शून्य असेल तर सुरू झाल्यापासून आतापर्यंत विजेची तक्रार नाही. आमच्याकडे ५०००० असा आकडा आला. हा सोळाच्या पायावरचा आकडा आहे आणि त्याचा अर्थ असा, की या क्षणी सर्व ठीक आहे, पण सुरू झाल्यापासून कधीतरी दाब ४.६३ व्होल्टच्या खाली गेला होता आणि त्यापायी प्रोसेसरचा वेगही कमी केला गेला होता. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. अ‍ॅडाप्टर मोबाइलचा होता आणि त्याची केबल लांब व बारीक होती. जाण्या-येण्याच्या तारेचा मिळून रोध ०.२ ओहम धरला, तर दोन अँपिअर प्रवाहाला ०.४ व्होल्ट तारेतच खर्च होतात. अ‍ॅडाप्टर पाच व्होल्ट देत असला तरी बोर्डपर्यंत ४.६ च पोचतात. या बोर्डसाठी ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअरचा, केबल कायमची जोडलेला अ‍ॅडाप्टर मिळतो, तो बसवला. त्यानंतर तो आकडा शून्यावर स्थिर राहिला आणि बोर्ड आपोआप पुन्हा सुरू होण्याचे प्रकार पूर्ण थांबले. वायफाय मात्र तुटतच राहिले. दोन वेगवेगळे बिघाड एकाच तक्रारीखाली नांदत होते, त्यांतला एक गेला, एवढेच.

आता संशय सिग्नलवर गेला. राउटर शेतातल्या घरात आहे आणि पंपघर तिथून साधारण वीस-पंचवीस मीटरवर, मध्ये विटांची एक भिंत आणि द्राक्षाच्या मांडवाची एक कड. 'आयडब्ल्यू' या आज्ञेने बोर्डला मिळणारा सिग्नल पाहिला, तो उणे ५८ ते उणे ६२ डीबीएमच्या दरम्यान होता. हे माप उणे असल्यामुळे शून्याच्या जितके जवळ तितका सिग्नल चांगला. उणे ६७ पर्यंत काळजीचे कारण नसते आणि उणे ८० च्या आसपास रडगाणे सुरू होते. राउटरच्या पानावरही या बोर्डचा सिग्नल चांगलाच दिसत होता. बोर्डचा डबा प्लास्टिकचा आहे, त्यामुळे धातूच्या पेटीत अँटेना कोंडल्याचाही प्रश्न नव्हता. दोन्ही टोके सिग्नल उत्तम असल्याचे सांगत होती आणि तरीही दुवा तुटत होता. हे कोडे सुटले ते बरेच नंतर. त्या वेळी मी फक्त सिग्नल हे कारण यादीतून खोडले.

वायफायची वीजबचत हे पुढचे नाव. या बोर्डवर ती मुळातच चालू असते. राउटर दर १०२.४ मिलिसेकंदांनी बीकन नावाचा छोटा संदेश सोडतो. वीजबचत चालू असलेले उपकरण दोन बीकनांच्या मधल्या काळात रेडिओ झोपवते आणि आपल्यासाठी काही आलेले आहे का हे बीकन वाचून ठरवते. बॅटरीवरच्या मोबाइलला याचा उपयोग आहे, भिंतीतल्या विजेवर चालणाऱ्या बोर्डला काहीच नाही. नेटवर्कच्या जोडण्या सांभाळणाऱ्या नेटवर्क मॅनेजर या प्रोग्रॅममध्ये त्या जोडणीच्या पॉवरसेव्ह या किमतीत २ लिहिले की वीजबचत कायमची बंद होते आणि पुन्हा सुरू झाल्यावरही बंदच राहते. ती बंद करताच नाशिकहून बोर्डमध्ये शिरल्यावर अक्षरे अडखळत उमटण्याचा त्रास गेला. पूर्वी कधी पाच तर कधी दोनशे मिलिसेकंद लागणाऱ्या पिंगला आता एकसारखा थोडा वेळ लागू लागला. हा बदल मी सर्वांना सुचवीन. पण नोंदींच्या फाइलीत तुटण्याच्या खुणा होत्या तिथेच राहिल्या.

बोर्ड काढून इंदिरानगरला घरी आणला. आमच्या इमारतीत शेजाऱ्यांची वायफाय नेटवर्क इतकी आहेत की यादी स्क्रीनवर मावत नाही, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेले १, ६ आणि ११ ही तीनच. पिंपळगावच्या मळ्यात आमचे स्वतःचे आणि वाऱ्यावर येणारे शेजारच्या वस्तीवरचे एखादे, एवढीच नेटवर्क. गर्दी हे कारण असते तर बोर्ड घरी जास्त तुटायला हवा होता. तो घरी एकदाही तुटला नाही. चिप, ती चालवणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर, कार्ड, सिस्टिमची आवृत्ती हे सारे तेच असल्यामुळे त्या सर्वांवरचा संशय या एका गोष्टीने दूर झाला. मळ्यातली बाकीची जोडणी, म्हणजे सेन्सर, कॅमेरा आणि चित्रण साठवण्यासाठी लावलेली एसएसडी ही डिस्क, मी सोबत आणली नव्हती. एसएसडी मुळात लावली होती ती मेमरी कार्ड सतत लिहून झिजते आणि वीज जाता-येता खराब होते म्हणून. त्या डिस्कचा आणि वायफायचा काही संबंध असेल हे तोवर कुणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते.

बोर्ड पुन्हा पंपघरात गेला आणि दुवा पुन्हा तुटू लागला. आता विश्वासू घड्याळाच्या नोंदी पुरेशा जमल्या होत्या, म्हणून त्या एकाखाली एक मांडल्या: दुवा तुटल्याच्या वेळा, मोटारीच्या वेळा आणि बोर्डवर ठरलेल्या वेळी चालणाऱ्या कामांच्या वेळा. शेतीपंपाची थ्री फेज वीज आमच्याकडे पाळीने येते, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री, आणि त्यामुळे ही तुलना अधिकच बोलकी झाली. पाळी बदलली की दुवा तुटण्याच्या वेळाही बदलत होत्या. चुलतभावाचे म्हणणे शब्दशः खरे होते. मोटार चालू असताना दुवा तुटण्याचे प्रमाण कितीतरी जास्त होते. पण त्याच कागदावर आणखी एक गोष्ट होती: रात्री ठरलेल्या वेळी, मोटार बंद असतानाही, तुटण्याचा एक छोटा पुंजका रोज दिसत होता, आणि त्या वेळी बोर्डवर दिवसभराच्या नोंदींची प्रत डिस्कवर उतरवण्याचे काम चालत असे.

मोटार सुरू झाली की चित्रण सुरू होते, आणि चित्रण सुरू झाले की डिस्कवर लिहिणे सुरू होते. म्हणजे मोटार आणि बिघाड यांच्यामध्ये डिस्क उभी होती. हे पडताळण्यासाठी दोन्ही गोष्टी एकमेकांपासून सोडवल्या. आधी डिस्क काढून ठेवली, चित्रण तात्पुरते मेमरी कार्डावर वळवले आणि मोटार चालवली. मोटार चालू, कॅमेरा चालू, डिस्क नाही. दुवा टिकला आणि राउटरच्या पिंगमधले एकही पॅकेट हरवले नाही. नंतर मोटार बंद ठेवली, कॅमेरा बंद ठेवला, डिस्क पुन्हा लावली आणि 'डीडी' या आज्ञेने तिच्यावर निरर्थक मजकूर सलग लिहीत राहिलो. पिंगची पॅकेटे हरवू लागली, शंभरांतली वीस-तीस, आणि थोड्या वेळाने दुवाच तुटला. लिहिणे थांबवले, की काही सेकंदांत जोडणी परत. हा खेळ मी चुलतभावासमोर पुन्हा पुन्हा करून दाखवला, तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे मोटार निर्दोष सुटली म्हणायची." त्याच वेळी त्याचा मोबाइल डिस्कच्या केसिंगला टेकवून ठेवला, तर त्याचाही वेग कोसळला, हातभर दूर नेला की पूर्ववत झाला.

डिस्क बोर्डच्या निळ्या पोर्टला, म्हणजे यूएसबी ३.० ला लावलेली होती. या पोर्टवर माहिती सेकंदाला पाच गिगाबिट या वेगाने जाते आणि ती जाताना मुद्दाम विस्कटून पाठवली जाते, त्यामुळे तिची ऊर्जा एखाद्या ठरावीक वारंवारितेवर न साचता शून्यापासून पाच गिगाहर्ट्झपर्यंतच्या रुंद पट्ट्यात पसरते. वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा नेमका याच पसाऱ्याच्या पोटात येतो. केबल, प्लग किंवा डिस्कचे केसिंग यांचे धातूचे आवरण कच्चे असेल तर यातली थोडी ऊर्जा बाहेर गळते आणि जवळच्या अँटेनाला ती नुसता गोंगाट म्हणून ऐकू येते. इंटेलने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या एका तांत्रिक टिपणात याचे मोजमाप आहे. त्यानुसार यूएसबी ३.० चे उपकरण जवळ असताना या पट्ट्यातला गोंगाट सुमारे २० डेसिबलपर्यंत वाढू शकतो.

सिग्नल उत्तम असून दुवा का तुटतो, या कोड्याचे उत्तर या आकड्यात आहे. उणे ६० डीबीएम हा आकडा राउटरचा आवाज किती मोठा आहे ते सांगतो, खोलीत गोंगाट किती आहे ते सांगत नाही. शांत वेळी गोंगाटाची पातळी उणे ९५ धरली तर सिग्नल तिच्यापेक्षा ३५ डेसिबलने वर असतो आणि वेगवान संवादाला ते भरपूर होते. गोंगाट २० डेसिबलने वर चढला, की हा फरक १५ वर येतो, आणि सिग्नलचा आकडा मात्र जिथल्या तिथे राहतो. लग्नाच्या मांडवात बँड वाजत असताना शेजारचा माणूस नेहमीच्याच आवाजात बोलत असतो, आपल्यालाच ते ऐकू येत नाही, तसे हे आहे. राउटरच्या बाजूला गोंगाट नसल्यामुळे त्याला बोर्डचे बोलणे स्वच्छ ऐकू येत होते आणि म्हणून त्याच्या पानावरही सर्व आलबेल दिसत होते. बोर्डला मात्र राउटरचे बीकन ऐकू येत नव्हते. ओळीने बरेच बीकन चुकले की ड्रायव्हर राउटर गेला असे समजून जोडणी सोडून देतो. चॅनेल बदलूनही उपयोग झाला नसता, कारण गोंगाट एका चॅनेलवर नसून सगळ्या पट्ट्यावर होता.

या बोर्डचा अँटेना वेगळा दिसत नाही. यूएसबी पोर्ट ज्या कडेला आहेत तिच्या विरुद्ध टोकाला, चाळीस पिनांच्या पट्टीच्या सुरुवातीजवळ, बोर्डमध्येच कोरलेला एक छोटा त्रिकोणी भाग म्हणजे तो अँटेना. म्हणजे बोर्डच्या रचनेत यूएसबी आणि अँटेना यांच्यात जेवढे अंतर ठेवता येईल तेवढे ठेवलेलेच आहे. आमच्या डब्यात जागा अपुरी असल्यामुळे डिस्कची केबल वळून मागे आली होती आणि डिस्क बरोबर त्या त्रिकोणाच्या डोक्यावर बसली होती.

उपाय करताना एका वेळी एकच बदल केला, नाहीतर कशाने गुण आला ते कळले नसते. प्रथम डिस्क डब्याच्या तळाशी, अँटेनापासून शक्य तितक्या दूर हलवली. पॅकेटे हरवण्याचे प्रमाण खूप कमी झाले, पण शून्य झाले नाही. मग चांगल्या आवरणाची आखूड केबल लावली. आणखी थोडा फरक पडला. शेवटी डिस्क निळ्या पोर्टमधून काढून काळ्या पोर्टमध्ये, म्हणजे यूएसबी २.० मध्ये लावली, आणि गोंगाट जवळजवळ नाहीसा झाला. या पोर्टचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट इतकाच आहे आणि प्रत्यक्षात डिस्कवर सेकंदाला तीस-चाळीस मेगाबाइटच लिहिले जातात. एसएसडी घेऊन ती अशी वापरणे कुणाला वाया घालवल्यासारखे वाटेल; पण दाबमापकाच्या काट्याचे चित्रण साठवायला याच्या दहाव्या हिश्शाचाही वेग पुरतो. ज्यांना डिस्कचा पूर्ण वेग हवा आहे त्यांच्यासाठी हा उपाय नव्हे, त्यांनी वायफायच दुसरीकडे न्यावे.

ते दुसरीकडे नेण्याचे पर्यायही पाहिले होते. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर गेल्यास या गोंगाटातून बऱ्याच अंशी सुटका होते, आणि हा बोर्ड दोन्ही पट्ट्यांवर चालतो. पण ५ गिगाहर्ट्झची लहर भिंतीतून जाताना जास्त थकते, आणि मांडवावर पाने भरली की त्या पानांतले पाणीही तिला शोषते. उघड्या वेलींच्या दिवसांत जो सिग्नल पुरेसा दिसतो तो भर हंगामात, म्हणजे नेमका जेव्हा नोंदी हव्या असतात तेव्हा, काठावर येण्याची भीती होती. शिवाय चॅनेल निवडण्याचे काम राउटरवर सोडले तर तो ५२ ते १४० यांमधल्या एखाद्या चॅनेलवर जाऊ शकतो. तिथे रडारला प्राधान्य असते, त्यामुळे राउटरला आधी किमान ६० सेकंद गप्प राहून ऐकावे लागते आणि रडारची चाहूल लागली की चॅनेल सोडून जावे लागते. ही अडचण ३६ वर चॅनेल कायम करून टाळता येते, पण पानांची टळत नाही. केबल टाकणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग, असे सगळेच सांगतात. आमच्याकडे ती मोटारीच्या केबलच्याच चरातून न्यावी लागली असती, आणि वळवाच्या पावसात विजा कडाडत असताना दोन इमारतींच्या मध्ये तांब्याची तार असणे मला नको होते. एका विजेत बोर्ड आणि राउटर दोन्ही जाण्यापेक्षा वायफाय बरे.

सातपूरच्या एका परिचितांकडे अगदी अशीच तक्रार होती, म्हणून त्यांनी माझा उपाय करून पाहिला आणि त्यांना काहीच गुण आला नाही. त्यांच्याकडे डिस्कच नव्हती. त्यांचा राउटर आपोआप चॅनेल बदलत असे आणि कधीकधी १३ वर जाऊन बसे, आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झमध्ये १३ व्या चॅनेलपर्यंत परवानगी आहे, पण त्यांच्या बोर्डवर देश म्हणून अमेरिका निवडलेली होती आणि तिथल्या नियमानुसार बोर्ड ११ च्या पुढे पाहतच नव्हता. देश भारत केला आणि चॅनेल ६ वर कायम केले, तेवढ्यावर काम भागले. तुटण्याच्या वेळा राउटरने चॅनेल बदलण्याच्या वेळांशी जुळतात का, हे पाहिले असते तर पहिल्याच दिवशी उत्तर मिळाले असते, असे त्यांचेच म्हणणे पडले.

आपोआप सावरणारी स्क्रिप्ट मी सर्वांत शेवटी बसवली. राउटरचे पिंग ओळीने काही वेळा चुकले तर ती आधी जोडणी नव्याने करून पाहते, त्याने भागले नाही तर वायफायचा ड्रायव्हर काढून पुन्हा चढवते, आणि तरीही राउटर सापडला नाही तर बोर्ड पुन्हा सुरू करते. मात्र प्रत्येक पायरी वेळेसह लिहून ठेवते आणि तासाभरात एकापेक्षा जास्त वेळा पुन्हा सुरू करत नाही, नाहीतर राउटर बंद असताना बोर्ड रात्रभर उठत-बसत राहिला असता. ही स्क्रिप्ट सुरुवातीलाच बसवावी असे मला अनेकांनी सुचवले होते. तसे केले असते तर मोबाइलवर नोंदी येत राहिल्या असत्या, पण तुटण्याच्या वेळा, आणि त्या वेळांतून दिसलेला मोटारीचा व डिस्कचा धागा, दोन्ही झाकले गेले असते.

आता पंपघरातला बोर्ड आणि घरातला राउटर दोन्ही छोट्या बॅटरी बॅकअपवर आहेत, कारण गावची सिंगल फेज वीज गेली की राउटर बंद होई आणि बोर्ड जागा असूनही बोलायला कुणी नसे. त्यानंतरच्या फाइलीत राउटर न सापडल्याच्या ज्या थोड्या नोंदी आहेत, त्या सर्व बॅटरीही संपेपर्यंत वीज आली नाही त्या रात्रींच्या आहेत.